दिवा आणि काटा
(मोटारीच्या इंजिनास जादा मीटर बसविण्याविषयी)

मोटार चालविणाऱ्याच्या समोर जी मीटरची पाटी असते, तीवर दोन जातींची साधने असतात. एक दिवा आणि दुसरा काटा. दिवा पेटतो किंवा विझतो, मधले काही त्याला ठाऊक नसते. काटा मात्र सरकतो, आणि सरकत असताना आपल्याला पाहता येतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा फरक चटकन समजावा. दिवा म्हणजे वर्षअखेरचे ऑडिट, काटा म्हणजे रोजकीर्द. ऑडिटरने तूट दाखविली तेव्हा पैसे आधीच गेलेले असतात.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांसाठी एक गंमत येथेच सांगून टाकतो. मराठीत पायात रुततो तोही काटा आणि घड्याळात फिरतो तोही काटा. कन्नडमध्येही ‘मुळ्ळु’ हा एकच शब्द दोन्ही कामांना चालतो. मोजमापाची सुई टोचणारी असावी असे दोन्ही भाषांना वाटले, ही गोष्ट मला फार आवडते. आजच्या मोटारींचे काटे मात्र टोचेनासे झाले आहेत, आणि या लेखाचे कारण तेच आहे.

माझे काका बेळगाव ते गोवा भाड्याची गाडी चालवितात. चार सिलिंडरची टर्बो डिझेल, २०१७ साली कर्ज काढून घेतलेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून परत येताना चोर्ला घाटाच्या चढावर पाण्याच्या एका होज पाइपाला बारीक चीर गेली. मीटरच्या पाटीवरील तापमानाचा काटा बेळगाव सोडल्यापासून जेथे होता तेथेच, अगदी मध्यावर उभा होता. मग तो एकाएकी वर चढला, लाल दिवा लागला, आणि काकांनी वळण संपवून गाडी कडेला घेईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले. ॲल्युमिनियमचे हेड वाकले, गॅस्केट गेले. हेड काढून फेसिंग करून बसवीपर्यंत बारा दिवस गाडी उभी राहिली. बारा दिवस भाडे नाही, आणि बँकेचा हप्ता तर कोणासाठी थांबत नाही. गाडी परत रस्त्यावर आल्यावर काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा, की काटा आधी का हलला नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच मी या विषयात शिरलो. उत्तर असे, की तो काटा हलू नये अशीच त्याची योजना असते. जुन्या गाड्यांत पाण्यातील सेन्सरची तार सरळ मीटरपर्यंत येत असे आणि पाणी तापेल तसा काटा सरके. आता सेन्सर आपले माप इंजिनाच्या संगणकाला देतो. संगणक ते आकड्यात बदलून दोन पिळलेल्या तारांवरून इतरांना कळवितो. या तारांच्या पद्धतीला कॅन म्हणतात आणि बॉश कंपनीने ती १९८६ साली प्रथम जाहीर केली. मीटरची पाटी तो आकडा वाचते आणि काट्यामागची छोटी मोटर फिरविते. म्हणजे काट्याने कोठे उभे राहावे हे पाटीतील आज्ञावली ठरविते. ठरविताना पुष्कळ कारखाने असे करतात, की पाणी सुमारे ८० अंशांवर असो की १०५ अंशांवर, काटा मध्यावरच ठेवायचा. चढावर काटा जरा वर गेला, उतारावर खाली आला, की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिसिंगला येते, आणि ते टाळण्यासाठी ही तजवीज. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच काढून टाकला आहे. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापले की लाल, एवढेच. हिशेबाच्या भाषेत याला काय म्हणतात ते सांगण्याची गरज नाही.

आकडा संगणकाला कळत असतोच, तर मग तो तेथूनच का घेऊ नये? घेता येतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचा एक सॉकेट असतो, त्याला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तो सक्तीचा झाला आणि आपल्याकडेही आता नव्या गाड्यांत असतोच. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा कायम प्रवाह, चौथी आणि पाचवी अर्थ, सहावी आणि चौदावी कॅनच्या तारा. त्यात एक लहानसे वाचक यंत्र खोचले, की ते संगणकाला ठरावीक क्रमांकाचे प्रश्न विचारते. पाण्याच्या तापमानाचा प्रश्न पाच क्रमांकाचा. उत्तरादाखल ० ते २५५ मधील एक संख्या येते आणि तीतून ४० वजा केले की तापमान मिळते. १३० आले तर ९० अंश. उणे तापमानासाठी वेगळे चिन्ह पाठवावे लागू नये म्हणून केलेली ही युक्ती आहे.

ज्याला तारा कापायच्या नाहीत, ज्याची गाडी अजून वॉरंटीत आहे, त्याने एवढेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. सोळावी पिन किल्ली बंद केली तरी चालूच राहते, त्यामुळे स्वस्तातले वाचक यंत्र खोचून गाडी आठवडाभर उभी ठेवली तर बॅटरी उतरू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संगणकाला जे स्वतःलाच ठाऊक नाही ते तो सांगणार कसे? तेलाचा दाब हे त्याचे उत्तम उदाहरण. पुष्कळ गाड्यांत दाब मोजणारा सेन्सर नसतोच. असतो तो नुसता स्विच, आणि तो दाब सुमारे ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला म्हणजे दिवा लावतो. चांगले तापलेले इंजिन स्लोवर चालत असतानाही बहुधा एक बारच्या वर दाब असतो, आणि धावत्या गाडीत तीन-चार बार. म्हणजे चाराचा अर्धा झाला तरी दिवा गप्पच. तेलाच्या दाबासाठी वेगळा काटा बसविण्यावाचून गत्यंतर नाही.

काकांनी तापमान आणि तेलाचा दाब अशी दोन मीटरे घेण्याचे ठरविले. आता काम तपशिलाचे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला मोह असा होतो, की पाण्याचा सेन्सर इंजिनावर आहेच, त्याच्याच तारेला आपल्या मीटरची तार जोडावी. हे कदापि करू नये. तो सेन्सर म्हणजे तापेल तसा विद्युत्‌रोध कमी होणारा एक थेंब असतो. नेहमीच्या जातीत २० अंशांवर सुमारे अडीच हजार ओहम, तर १०० अंशांवर दोनशेच्याही खाली. संगणक त्याच्यातून अगदी बारीक प्रवाह सोडून रोध ओळखतो. आपले मीटर त्याच तारेवर बसले की त्याचाही प्रवाह त्यात मिसळतो, संगणकाला चुकीचे तापमान दिसते आणि तो डिझेल सोडण्यापासून पंखा चालू करण्यापर्यंत सगळे निर्णय त्या चुकीच्या आकड्यावर घेतो. मापन करणाऱ्यानेच मापन बिघडविले असा तो प्रकार. म्हणून आपल्या मीटरचा सेंडर आपला वेगळा हवा.

सेंडर आणि मीटर ही जोडी एकाच कुळातली हवी. अमेरिकन पद्धतीचे दाबाचे सेंडर शून्य दाबाला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला ३३ ओहम दाखवितात. युरोपीय पद्धतीचे शून्याला १० आणि पूर्णाला १८०. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचे मीटर घेतले तर इंजिन बंद असताना काटा पूर्ण दाब दाखवील आणि सुरू केल्यावर खाली येईल. सुटे सुटे स्वस्त मिळाले म्हणून घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

बसविण्यापूर्वी आम्ही तापमानाचा सेंडर घरच्या पातेल्यात तपासला. पाणी खळखळ उकळत ठेवून सेंडर तळाला टेकणार नाही असा टांगला. पुस्तिकेत म्हटले होते की आकडा १०० यावा. आमच्याकडे ९७ च्या वर जाईना. मीटर परत करण्याची भाषा सुरू झाली होती, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे, आणि एवढ्या उंचीवर पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. मीटर बरोबर होते, पुस्तिका पणजीसाठी लिहिलेली होती म्हणा!

हा सेंडर रेडिएटरच्या वरच्या होज पाइपात बसतो. पाइप मधोमध कापून ॲल्युमिनियमचा एक तुकडा घालतात, दोन्ही बाजूंस क्लिपा आवळतात आणि सेंडर त्या तुकड्यात फिरवून बसवितात. यात दोन खोचा आहेत. दोन्हीकडे रबर असल्यामुळे त्या तुकड्याला इंजिनाची अर्थ मिळत नाही, ती वेगळ्या तारेने द्यावी लागते. नाही दिली तर काटा मेल्यासारखा पडून राहतो. दुसरी खोच थर्मोस्टॅटची. आमच्या इंजिनात थर्मोस्टॅट पाणी हेडमधून बाहेर पडते त्या तोंडाशी आहे. ते सुमारे ८८ अंशांपर्यंत बंद असते, त्यामुळे सकाळी इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटे वरच्या पाइपात गरम पाणी येतच नाही.

एका गॅरेजमधून उसने आणलेले ओबीडी वाचक यंत्र लावून आम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिले. सुरुवातीला संगणक म्हणे ६०, आमचे मीटर म्हणे ३१. मग थर्मोस्टॅट उघडले आणि आमचा आकडा धावत जाऊन संगणकाच्या दोन अंश मागे थांबला. तेथून पुढे दिवसभर हे दोन अंशांचे अंतर राहिले. आपल्यापैकी ज्यांनी बँक जुळवणी पत्रक केले आहे त्यांना हे नवीन नाही. रोकडवही आणि पासबुक यांची शिल्लक जुळत नाही म्हणून कोणी लबाड ठरत नाही, चेक वाटेत असतो एवढेच. फरकाचे कारण सांगता आले की दोन्ही आकडे विश्वासाचे.

तेलाच्या दाबाचे काम अधिक अवघड, कारण तेथे गळती झाली तर इंजिनच जाते. मूळचा स्विच काढून तेथे टी-जोड बसवावा, एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला आपला सेंडर लावावा, ही रीत. जुना स्विच काढून टाकू नये, दिवा राहिलाच पाहिजे. आता आट्यांची गोष्ट. अमेरिकन १/८ एनपीटी मापाला इंचात २७ आटे असतात आणि ब्रिटिश १/८ बीएसपी मापाला २८. आट्यांचा कोनही पहिल्याचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. हातात घेतले तर दोन्ही सारखेच दिसतात आणि एकमेकांत दोन-तीन फेरे जातातही. जोर करून आवळले की आटे मरतात, आणि ते इंजिनाच्या ब्लॉकमधले असतील तर झालेच. या बाबतीत बेळगावकर भाग्यवान. उद्यमबागेत हवा तो जोड लेथवर काढून देणारा टर्नर मिळतो, फक्त नमुना आणि नेमके माप घेऊन जावे. आमचा जोड तेथेच केला.

जड सेंडर टी-जोडावर नुसता लोंबकळत ठेवू नये. इंजिनाच्या थरथरीने पितळी जोड मानेशी तुटतो आणि तुटला की तेलाची पिचकारी. सेंडर बॉडीला क्लिपेने बसवून मधे जाळीचा पाइप घ्यावा. असे केले की पुन्हा अर्थेची वेगळी तार आलीच. सेंडर एकाच तारेचा असेल आणि थेट धातूत बसत असेल, तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढविणेही बरे नाही, टेप विजेला अडविते. जुन्या गाड्यांत तेलाची नळीच सरळ मीटरपर्यंत आणीत असत. ती पद्धत मला मुळीच पसंत नाही. गरम तेल पायांवर ओतणारे साधन केबिनमध्ये हवे कशाला?

वायरिंगबद्दल थोडक्यात. किल्लीवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने तार घ्यावी आणि आपला वेगळा तीन अँपियरचा फ्यूज ठेवावा. पिवळे वेष्टन किंवा पिवळा सॉकेट दिसला की हात मागे घ्यावा, ती एअरबॅगची वायरिंग असते. केबिनमध्ये तार आणताना पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट हवाच, नाही तर कड तार कापते. मीटर कोठे लावायचे यावर काकांचा आणि माझा दोन दिवस वाद झाला. त्यांना ते पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर, डोळ्यांसमोर हवे होते. दिसते छान, परंतु ज्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग असते तिच्या वाटेत ते येते, आणि अपघातात मीटरच अंगावर फेकले जाते. आमच्या गाडीत ती एअरबॅग नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. तरी शेवटी रेडिओच्या खाली जागा काढली, कारण खांबावर ठेवले असते तर उजव्या वळणावर घाटातली समोरची गाडी झाकली गेली असती.

माझ्या मते इतके सगळे केल्यावर खरे काम सुरू होते. १०१ हा आकडा चांगला की वाईट? तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. एप्रिल २०२४ पासून काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. ठरावीक जागा, गाडीत माणसे किती, एसी चालू की बंद, पाण्याचे तापमान, तेलाचा दाब. महिन्याभरात गाडीचा स्वभाव उमगला. सपाटीला ८८ ते ९१. चोर्ल्याच्या चढावर भरल्या गाडीने आणि एसी लावून ९८ ते १००. तेलाचा दाब तापल्यावर स्लोवर १.४ बार, तीन हजार फेऱ्यांवर ३.८. थंड इंजिनात दाब याहून जास्त दिसतो, तो तेल जाड असल्यामुळे, इंजिन बळकट असल्यामुळे नव्हे. दर हजार फेऱ्यांना दहा पौंड दाब हवा असा जुना आडाखा मेस्त्री लोक सांगतात, तो जुन्या इंजिनांना ठीक आहे. आता पुष्कळ इंजिनांत गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारे पंप असतात, तेथे या आडाख्याने माणूस उगाच घाबरेल. व्होल्टमीटरचेही तेच. पूर्वी चालू इंजिनात १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत असे म्हणत. नव्या गाड्यांत संगणकच अल्टरनेटरला कमी-जास्त करतो आणि आकडा त्याहून बराच खाली-वर होतो.

मे महिन्याच्या मध्याला वहीत त्याच चढावर १०४ आले. दोन दिवसांनी १०५. मीटरच्या पाटीवरचा मूळचा काटा अर्थातच मध्यावर, समाधिस्थ. काकांचे एक सहकारी, तेही गोव्याच्या फेऱ्या करतात, म्हणाले की इतके पाहत बसले की माणसाला भीती लागते, आम्ही वीस वर्षे न पाहता गाडी चालविली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पहिल्या महिन्यात काका रस्त्यापेक्षा मीटर अधिक पाहत होते, आणि तसे पाहणे धोक्याचेच. परंतु वही समोर ठेवल्यावर मेस्त्रींना वेगळा प्रश्न विचारता आला. ‘गाडी तापते का बघा’ असे न म्हणता ‘त्याच चढावर त्याच भाराने पाच अंश का वाढले’ असे विचारता आले. मेस्त्रींनी लगेच पंखा पाहिला. रेडिएटरच्या पंख्याला दोन वेग असतात, आणि कमी वेग ज्या रेझिस्टरमधून मिळतो तो जळला होता. पंखा कमी वेगाने सुरूच होत नव्हता. पाणी फार तापले की एकदम जास्त वेगाने लागे. उभ्या गाडीत एसी नीट गार करीत नाही ही प्रवाशांची तक्रारही त्याच कारणाने होती, आणि तिचा संबंध आम्ही कोणीच पाण्याशी जोडला नव्हता. दुरुस्ती एका दुपारची. हेडचे काम बारा दिवसांचे होते.

येथे एक शंका प्राध्यापकांसाठी ठेवतो. हेडची दुरुस्ती हा महसुली खर्च, यात वाद नाही. मीटरांचा खर्च भांडवली धरावा काय? गाडीचे आयुष्य त्याने वाढत असेल तर धरावा, असे मला वाटते. माझ्या वर्गमित्राच्या मते त्याने गाडीची मिळकत वाढत नाही, फक्त नुकसान टळते, म्हणून तो महसुली. काकांनी हा वाद ऐकून घेतला आणि पैसे खिशातून गेले एवढे मला कळते असे म्हणाले.

या मीटरांना एक आंधळी जागा आहे, ती सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. पाण्याचा सेंडर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे बोलतो. झाकणाच्या दाबामुळे रेडिएटरातील पाणी १०० ला उकळत नाही. सुमारे एक बारचा जादा दाब असला की नुसते साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते. होज पाइपाला चीर गेली की दाब जातो, पाणी तेथल्या तेथे उकळू लागते आणि बाहेर पडते. मग सेंडर वाफेत किंवा रिकाम्या हवेत राहतो, आणि हवा धातूइतकी तापत नाही. इंजिन जळत असताना आकडा कमी होताना दिसू शकतो! चोर्ल्यात त्या दिवशी हे आमचे नवे मीटर असते तरी त्याने किती वेळ आधी सांगितले असते, हे म्हणूनच छातीठोकपणे सांगता येत नाही. चीर बारीक होती आणि पाणी हळूहळू जात होते, तेव्हा काही मिनिटे मिळाली असती. पाइप फुटलाच असता तर कदाचित एकही नाही.

यावर उपाय म्हणजे पाण्याच्या जादा टाकीत पातळीचा स्विच. तरंगत्या गोळ्यात एक चुंबक असतो, पातळी खाली गेली की तो आतला स्विच मिटवितो आणि दिवा लागतो. काही गाड्यांत तो कारखान्यातूनच येतो. आमच्या टाकीला त्यासाठी जागा नाही, म्हणून झाकणातून उतरणारा लांब दांड्याचा स्विच बसतो का ते पाहत आहोत. झाकणाचा दाब न जाऊ देता त्यातून तार कशी काढावी हा प्रश्न अडला आहे. टर्नरने दोन नमुने करून दिले, पहिला दाबाच्या चाचणीत गळला, दुसरा या रविवारी तपासायचा आहे. काकांचे म्हणणे असे, की शेवटी फिरून एक दिवाच बसवायचा म्हणतोस!